नकोसा कॉल: अडवणे वेगळे, आळा घालणे वेगळे

मोबाइलवर येणाऱ्या नकोशा कॉलवर बहुतेक लोक एकच उपाय करतात, तो म्हणजे क्रमांक ब्लॉक करणे. आणि तरीही त्याच व्यक्तीचा किंवा त्याच धंद्याचा मिस्ड कॉल, लघुसंदेश अथवा ध्वनिमुद्रित निरोप काही दिवसांत पुन्हा येऊन थडकला की फोन बिघडला असावा, असा त्यांचा समज होतो. फोन बिघडलेला नसतो. ब्लॉक करणे ही क्रिया ज्याच्या त्याच्या हँडसेटपुरती असते. तिची खबर ना मोबाइल कंपनीला असते, ना दूरसंचार नियामकाला, ना पोलिसांना. त्यामुळे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात शंभर जणांनी एकच क्रमांक ब्लॉक केला, तरी कॉल करणाऱ्याची जोडणी शाबूत राहते आणि तो पुढच्या गावाकडे वळतो. नकोसा कॉल स्वतःपुरता अडवणे आणि त्या कॉलला आळा घालणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्यासाठी तक्रारीवाचून मार्ग नाही.

ब्लॉक केल्यावर नेमके काय होते

कॉल लागतो तेव्हा कॉल करणाऱ्याचा क्रमांकही त्याच्याबरोबर प्रवास करून हँडसेटपर्यंत पोहोचतो. हँडसेट तो क्रमांक स्वतःजवळच्या ब्लॉक यादीशी ताडून पाहतो आणि जुळल्यास घंटी न वाजवता कॉल नाकारतो. कंपनीच्या यंत्रणेच्या दृष्टीने मात्र ही घटना ग्राहकाने कॉल कापण्यापेक्षा किंवा लाइन व्यग्र असण्यापेक्षा फारशी निराळी नसते. म्हणून ग्राहकाने 'सशर्त कॉल फॉरवर्डिंग', म्हणजे कॉल न उचलल्यास, व्यग्र असल्यास किंवा फोन बंद असल्यास तो दुसरीकडे वळवण्याची सोय, सुरू ठेवली असेल, तर ब्लॉक केलेला कॉलही त्याच वाटेने जातो. अमेरिकेत वा ब्रिटनमध्ये व्हॉइसमेल, म्हणजे कॉल न उचलल्यास निरोप ध्वनिमुद्रित करून ठेवणारी सेवा, सर्रास वापरात असल्याने तेथे ब्लॉक केलेल्या व्यक्तीचे निरोपही साठत राहतात. आयफोनवर ते व्हॉइसमेलच्या यादीच्या तळाशी एका वेगळ्या कप्प्यात पडून असतात. भारतात व्हॉइसमेल फारसा रुजला नाही. त्याची जागा कंपनीकडून येणाऱ्या मिस्ड कॉलच्या सूचनेने घेतली, आणि ब्लॉक केलेल्या क्रमांकाबाबतही ती येऊ शकते.

याखेरीज साध्या कॉलसाठी केलेला ब्लॉक व्हॉट्सॲपला लागू होत नाही, तेथे तो स्वतंत्रपणे करावा लागतो. ब्लॉक केलेल्या क्रमांकाचे लघुसंदेश अनेक अँड्रॉइड फोनांत पुसले न जाता वेगळ्या फोल्डरमध्ये जमा होतात. शिवाय जाहिरातीचे कॉल करणारे एकाच जोडणीवर अनेक क्रमांक देणाऱ्या पीआरआय वा सिप या सेवा वापरत असतील, तर एक क्रमांक अडवल्यावर शेवटचा आकडा तेवढा बदललेला दुसरा क्रमांक वाजू लागतो.

फॉरवर्डिंगची हीच सोय फसवणुकीसाठीही वापरली गेली. कुरिअर किंवा मोबाइल कंपनीचा कर्मचारी असल्याची बतावणी करून *४०१* या संकेतांकापुढे एखादा क्रमांक डायल करायला सांगायचे, म्हणजे ग्राहकाचे सगळे कॉल, बँकेचा संकेतांक सांगणारा कॉलसुद्धा, भामट्याच्या फोनवर वळतात, अशी ही पद्धत होती. केंद्रीय दूरसंचार विभागाच्या आदेशानुसार १५ एप्रिल २०२४ पासून अशा संकेतांकांद्वारे फॉरवर्डिंग सुरू करण्याची सेवा स्थगित करण्यात आली. शंका असल्यास *#२१# डायल करून कॉल वळवले आहेत का ते पाहता येते आणि ##००२# डायल केल्यास सर्व प्रकारचे फॉरवर्डिंग रद्द होते.

क्रमांक लपवून येणारे कॉल

पडद्यावर क्रमांकाऐवजी 'प्रायव्हेट नंबर' एवढेच उमटले, तर ब्लॉक यादीत टाकायला काही हातीच लागत नाही. क्रमांक लपवण्याच्या या सोयीला सीएलआयआर म्हणतात. परदेशांत ती सहज उपलब्ध असली, तरी भारतात परवान्याच्या अटींनुसार ती सामान्यतः द्यायची नसते. मागणीचे कारण पडताळल्यानंतरच ती देता येते, अशा ग्राहकांची यादी तपास यंत्रणांना पाहता येईल अशी ठेवावी लागते, आणि कॉल सेंटर व टेलिमार्केटिंगसाठी तर तिला पूर्ण मज्जाव आहे. त्यामुळे क्रमांक लपवून विमा किंवा भूखंड विकणारा कॉल आला, तर तो केवळ त्रासदायक नसून मुळातच नियमबाह्य असतो.

क्रमांक लपवण्यापेक्षा तो खोटा दाखवणे अधिक घातक ठरते. परदेशातून इंटरनेटच्या मार्गाने केलेला कॉल भारतातील दहा अंकी क्रमांकावरून आल्याचा आभास निर्माण करता येतो, आणि असा क्रमांक ब्लॉक केला तर फार तर एखाद्या निरपराध माणसाचा क्रमांक अडतो. खोटा क्रमांक ओळखणे हँडसेटच्या आवाक्यातले नसल्याने केंद्र सरकारने २२ ऑक्टोबर २०२४ रोजी असे कॉल देशाच्या सीमेवरच ओळखून रोखणारी यंत्रणा सुरू केली आणि पहिल्या २४ तासांत सुमारे १.३५ कोटी कॉल रोखल्याचे जाहीर केले.

सगळेच अनोळखी गप्प करता येतील का?

संपर्कयादीत नसलेल्या प्रत्येकाचा कॉल निःशब्द करण्याची सोय आयफोनमध्ये २०१९ पासून आणि व्हॉट्सॲपवर २०२३ पासून आहे. महानगरातील नोकरदाराला ती सोयीची वाटू शकेल; अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात तिची किंमत मोजावी लागते. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने लोणी परिसरात उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याच्या १९५०-५१ च्या पहिल्या गळीत हंगामापासून या जिल्ह्याचे अर्थकारण ऊस, दूध आणि कांदा यांभोवती गुंफले गेले आहे, आणि या व्यवहारांत अनोळखी क्रमांकाचा कॉल हा अपवाद नसून नित्याचा भाग असतो. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम, कांद्याची गाडी घेऊन निघालेला चालक, बाजार समितीतला आडत्या, शिर्डीत खोली शोधणारा भाविक यांचे क्रमांक आधीपासून जतन केलेले असतीलच असे नाही. अशा ठिकाणी सगळ्या अनोळखी क्रमांकांना गप्प करणे म्हणजे जाहिरातदाराबरोबर गिऱ्हाइकालाही परत पाठवणे होय.

म्हणून अनेक जण कॉल करणाऱ्याचे नाव दाखवणाऱ्या ट्रूकॉलरसारख्या ॲपचा आधार घेतात. ते नाव मात्र वापरकर्त्यांनी पुरवलेल्या माहितीवर बेतलेले असते, कोणत्याही शासकीय कागदपत्राशी ताडलेले नसते. त्यामुळे त्याकडे लोकमत म्हणून पाहावे, ओळखपत्र म्हणून नव्हे. यावर उपाय म्हणून सिम घेताना अर्जात दिलेले नावच पडद्यावर दाखवावे, अशी शिफारस भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, फेब्रुवारी २०२४ मध्ये केली.

१९०९: अडवण्याच्या पुढची पायरी

जाहिरातीच्या कॉलवर नियंत्रण आणण्याचा प्रयत्न देशात २००७ मध्ये 'नॅशनल डू नॉट कॉल' नोंदवहीपासून सुरू झाला. त्यानंतर २०१० आणि २०१८ मध्ये नवे विनियम आले. सध्या २०१८ चे विनियम लागू असून १२ फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने त्यांना अधिक धार आली आहे. या चौकटीत ग्राहकाला दोन अधिकार मिळतात. पहिला पसंतीचा: १९०९ या क्रमांकावर कॉल करून किंवा इंग्रजीत 'स्टार्ट ०' असा संदेश पाठवून सर्व जाहिराती बंद करता येतात, अथवा बँकिंग व विमा, स्थावर मालमत्ता, शिक्षण, आरोग्य, पर्यटन अशा वर्गांपैकी नको असलेले निवडून वगळता येतात. व्यवहाराची सूचना देणारे संदेश, उदाहरणार्थ खात्यातून पैसे वजा झाल्याचा संदेश, यामुळे थांबत नाहीत आणि थांबूही नयेत.

दुसरा अधिकार तक्रारीचा आहे, आणि २०२५ च्या दुरुस्तीचे खरे महत्त्व तेथेच आहे. पूर्वी तीन दिवसांत करावी लागणारी तक्रार आता सात दिवसांपर्यंत करता येते. नोंदणी न केलेल्या जाहिरातदाराविरुद्ध तक्रार करण्यासाठी आधी पसंती नोंदवलेली असण्याची गरज उरलेली नाही. आणि अशा जाहिरातदारावर कारवाई करण्याची मुदत ३० दिवसांवरून पाच दिवसांवर आली आहे. सात दिवसांत १० तक्रारी ही कारवाईसाठीची जुनी अट बदलून १० दिवसांत पाच तक्रारी अशी झाली आहे. दोष सिद्ध झाल्यास पहिल्या वेळी त्या जाहिरातदाराची बाहेर कॉल करण्याची सेवा १५ दिवस बंद होते आणि पुन्हा तोच प्रकार घडल्यास त्याच्या सर्व जोडण्या एक वर्षासाठी तोडल्या जातात. तक्रारीत कॉल आलेला क्रमांक, तारीख आणि बोलण्याचा थोडक्यात आशय असावा लागतो, म्हणून ब्लॉक करताना कॉलची नोंद पुसून टाकणे ही चूक ठरते. तक्रार १९०९ वर, मोबाइल कंपनीच्या ॲपवर किंवा 'ट्राय'च्या डीएनडी ॲपवर करता येते. वेगवेगळ्या ठिकाणी बसलेल्या शंभर जणांनी ब्लॉक करून जे साधत नाही, ते दहा दिवसांत आलेल्या पाच तक्रारींनी साधू शकते.

क्रमांकाच्या पहिल्या आकड्यांवरूनही बरेच कळते. नोंदणीकृत जाहिरातदारांच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारी मालिका राखून ठेवली आहे, तर बँका, विमा कंपन्या आदींच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ही मालिका ठरवण्यात आली. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या नियंत्रणाखालील संस्थांना या मालिका वापरण्यास सांगितले. अहिल्यानगरच्या वाचकाने येथे एक भेद ध्यानात ठेवावा: सहकारी बँक रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली येते, पण पतसंस्था ही राज्याच्या सहकार कायद्याखाली नोंदलेली संस्था असल्याने रिझर्व्ह बँकेच्या त्या सूचना तिला लागू होत नाहीत. म्हणून पतसंस्थेच्या नावाने साध्या दहा अंकी क्रमांकावरून कॉल आल्यास तो खराच किंवा खोटाच मानण्याऐवजी ठेवपावतीवर छापलेल्या क्रमांकावर स्वतः कॉल करून खात्री करणे हा सुरक्षित मार्ग ठरतो.

ब्लॉक करू नयेत असे कॉल

कर्जवसुलीचे कॉल नकोसे असतात, परंतु ते ब्लॉक केल्याने कर्ज फिटत नाही आणि पुढच्या सूचना मात्र हुकतात. येथे कॉल अडवण्यापेक्षा त्याची मर्यादा दाखवून देणे अधिक उपयोगी पडते. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर कर्जदाराला कॉल करता येत नाही. गावोगावच्या महिलांनी गट करून घेतलेल्या मायक्रोफायनान्स कर्जांसाठी ही वेळ आणखी मर्यादित, म्हणजे सकाळी ९ ते सायंकाळी ६ अशी आहे, आणि कर्जदाराच्या नातेवाइकांना वा सहकाऱ्यांना छळणे हेही या कर्जांविषयीच्या निर्देशांत निषिद्ध मानले आहे. या मर्यादा मोडल्यास प्रथम कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करावी आणि ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्यासाठीचा मदत क्रमांक १४४४८ आहे.

धमकी आणि पाठलाग यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली धमकी देणे हा गुन्हा आहे, आणि स्वतःची ओळख लपवून धमकी दिल्यास मूळ शिक्षेखेरीज दोन वर्षांपर्यंतच्या अधिक कारावासाची तरतूद आहे. स्त्रीने स्पष्टपणे नकार दर्शवूनही तिच्याशी वारंवार संपर्क साधत राहणे हा कलम ७८ नुसार पाठलागाचा गुन्हा ठरतो. म्हणून अशा माणसाला एकदा निःसंदिग्ध शब्दांत लेखी नकार कळवावा, मग ब्लॉक करावे, आणि त्यानंतरही आलेले मिस्ड कॉल, संदेश व निरोप पुसून न टाकता पुरावा म्हणून जपावेत. मोबाइल कंपन्यांना कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षे ठेवाव्या लागतात, त्यामुळे तक्रारदाराने दिलेली तारीख आणि वेळ पोलिसांना त्या नोंदींशी ताडून पाहता येते.

'दोन तासांत तुमचे सिम बंद होईल' अशा ध्वनिमुद्रित धमकीचे, बनावट पोलीस अधिकाऱ्याचे किंवा 'डिजिटल अटके'चे कॉल हे जाहिरातीत नव्हे, फसवणुकीत मोडतात. कोणाचेही सिम बंद करण्यासाठी 'ट्राय' कॉल करत नाही, आणि डिजिटल अटक नावाची कोणतीही प्रक्रिया भारतीय कायद्यात नाही. असा कॉल किंवा व्हॉट्सॲप संदेश आला पण पैसे गेले नाहीत, तर ३० दिवसांच्या आत दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरील 'चक्षू' या सुविधेवर त्याची माहिती देता येते. पैसे गेले असतील, तर 'चक्षू' किंवा १९०९ येथे वेळ न दवडता तत्काळ १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी गोठवता येईल की नाही, हे कळवण्यातील तत्परतेवर अवलंबून असते.

या सगळ्यांतून निघणारा क्रम साधा आहे: आधी नोंद, मग तक्रार, आणि शेवटी ब्लॉक. जाहिरातीसाठी १९०९, संशयास्पद कॉलसाठी चक्षू, गेलेल्या पैशांसाठी १९३०, वसुलीतील जाचासाठी लोकपाल आणि धमकीसाठी पोलीस ठाणे, असे हे दरवाजे वेगवेगळे असल्याने आलेला कॉल कोणत्या जातीचा आहे हे ओळखणे हेच ग्राहकाचे पहिले काम ठरते. ब्लॉकच्या बटणाने त्या दिवशीची झोप वाचते आणि तेवढ्यापुरते ते योग्यही आहे. पण कॉल करणाऱ्याला त्याची झळ बसावी असे वाटत असेल, तर ते बटण दाबण्यापूर्वीची दोन मिनिटे तक्रारीसाठी द्यावी लागतात.