रीफ टँकसाठी एलईडी घेताय? वॅट बघू नका, प्रवाळापर्यंत किती उजेड पोचतो ते बघा

रात्रीचं स्क्रोलिंग चालू असतं आणि मध्येच एक रील येतं. निळ्याशार उजेडातला काचेचा टँक, त्यात हिरवे-केशरी चमकणारे प्रवाळ आणि मधूनच डोकावणारा 'निमो' मासा. बघणारा तिथल्या तिथे ठरवून टाकतो, आपल्या हॉलमध्येही असाच टँक पाहिजे. मग टँक येतो, समुद्री मीठ येतं, पंप येतो. शेवटी पाळी येते दिव्याची आणि दुकानदार सांगतो, "शंभर वॅटचा घ्या, एक नंबर आहे."

गणित चुकतं ते इथेच. कारण रीफ टँकमधला दिवा नुसता सजावटीचा नसतो. प्रवाळाचं बरंचसं जेवण त्या दिव्यातून येतं.

उजेड आणि जेवण, संबंध काय?

प्रवाळ म्हणजे कोरल. झाडासारखा दिसत असला तरी तो प्राणी आहे. त्याच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. हे शैवाल उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. उथळ समुद्रातल्या अनेक प्रवाळांना लागणाऱ्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा याच भाडेकरूकडून मिळते.

उजेड कमी पडला की प्रवाळ तपकिरी पडतो, उजेडाकडे मान लांबवतो आणि हळूहळू खंगतो. उजेड अती झाला तर उलटं होतं. शैवालाला तो ताण सोसत नाही, प्रवाळ त्याला बाहेर टाकतो आणि स्वतः पांढराफटक पडतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. म्हणजे दिवा चुकला तर नुसते पैसे जात नाहीत, एक जीव जातो.

मग बघायचं काय?

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो, एवढंच. ल्युमेन म्हणजे माणसाच्या डोळ्याला तो किती लख्ख वाटतो. आपला डोळा हिरव्या-पिवळ्या उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतो आणि निळ्याला कमी. शैवालाचं मात्र निळ्यावर जास्त प्रेम. त्यामुळे घरातला पांढरा बल्ब ल्युमेनमध्ये भारी ठरला, तरी प्रवाळासाठी कमी पडू शकतो.

म्हणून बघायचा तो 'पार'. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड दर सेकंदाला एका चौरस मीटरवर किती पडतो, त्याचं हे माप. ते मायक्रोमोलमध्ये सांगतात. अंदाज यावा म्हणून, भर दुपारच्या स्वच्छ उन्हात हा आकडा साधारण २००० पर्यंत जातो.

दिवे निळेच का असतात?

समुद्राचं पाणी लाल उजेड पहिल्या काही मीटरमध्येच शोषून घेतं. निळा उजेड मात्र खोलवर उतरतो. प्रवाळातलं शैवाल याच उजेडाला सरावलेलं असतं. म्हणून रीफच्या एलईडीमध्ये ४२० ते ४७० नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या चिप जास्त असतात, जोडीला थोड्या पांढऱ्या.

रीलमधली ती चमकही निळ्या उजेडाचीच करामत. प्रवाळातली काही प्रथिनं निळा उजेड शोषून हिरवा किंवा केशरी उजेड बाहेर टाकतात. म्हणून दुकानात निळ्या दिव्याखाली बघितलेला प्रवाळ घरच्या पांढऱ्या उजेडात फिका दिसला, तर तो आजारीच आहे असं नाही. विकत घेण्याआधी पांढरा दिवा लावून दाखवायला सांगावं.

किती पार पुरे?

हा छंद जोपासणाऱ्यांचा ढोबळ ठोकताळा असा: मशरूम कोरलला ५० ते १००, झोअँथिड आणि लेदरसारख्या मऊ प्रवाळांना ७५ ते १५०, आणि अ‍ॅक्रोपोरासारख्या दगडी प्रवाळांना २०० ते ३५० किंवा त्याहून जास्त.

आता यातली मेख बघा. भारतात रीफ बांधणारे सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. आपल्या मालवणच्या समुद्रातले दगडी प्रवाळही त्यात आले. ते समुद्रातून काढणं, विकणं किंवा परवानगीशिवाय बाळगणं हा गुन्हा आहे आणि त्याला तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो. त्यामुळे विक्रेत्याकडे कागदपत्रं मागायची. आणि टँकमध्ये मऊ प्रवाळच ठेवायचे असतील, तर सगळ्यात महागडा, सगळ्यात प्रखर दिवा घ्यायची गरजच उरत नाही.

घेताना काय विचारायचं?

पहिला प्रश्न, या दिव्याचा पारचा तक्ता आहे का? दिव्याच्या खाली किती खोलीवर आणि मध्यापासून किती अंतरावर किती पार मिळतो, हे चांगले उत्पादक देतात. फक्त वॅट सांगणाऱ्यावर विसंबू नका.

दुसरा प्रश्न, उजेड पसरतो किती? एकाच जागी चिप एकवटलेल्या असतील तर मधला प्रवाळ भाजतो आणि कडेचा सावलीत राहतो. दोन फुटी टँकला एक चांगला दिवा भागू शकतो. चार फुटीला साधारण दोन लागतात.

तिसरा, निळ्या आणि पांढऱ्या चिप वेगवेगळ्या कमी-जास्त करता येतात का? आणि टायमर आहे का?

लावल्यावर लगेच फुल करू नका

इथे अनेकांचा उत्साह नडतो. नवा दिवा आधी ३०-४० टक्क्यांवर ठेवायचा आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवायचा. नवा प्रवाळ आधी तळाशी ठेवायचा, मग वर सरकवायचा. दिवसाला ८ ते १० तास उजेड पुरतो, रात्री अंधार हवाच.

विजेचं म्हणाल तर १०० वॅटचा दिवा रोज ९ तास पूर्ण ताकदीवर चालला तरी महिन्याला साधारण २७ युनिट होतात. जुन्या मेटल हॅलाइड दिव्यांपेक्षा एलईडी पाणी कमी तापवतो. पण पाणी २५-२६ अंशांच्या आसपास राखायचं असल्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात चिलरचा खर्च धरूनच चालायचं.

आणि एक, खारं पाणी आणि वीज यांचं जमत नाही. दिवा पक्का टांगा, वायर सॉकेटच्या खालून वळवून वर न्या म्हणजे थेंब सॉकेटमध्ये जाणार नाही, आणि घरात ईएलसीबी बसवलेला असू द्या.

थोडक्यात काय, आधी प्रवाळ ठरवा, मग टँकचं माप, आणि मग दिवा. दुकानात जाताना हाच क्रम धरला, तर कमी पैशांतही टँक रीलसारखा दिसेल आणि महिनाभरानंतरही जिवंत असेल.