शस्त्रक्रियेपूर्वी जुने आजार लपवू नका

‘ऑपरेशन हर्नियाचे, मग कार्डिओग्राम कशाला?’ असे नातेवाईक हमखास विचारतात. शस्त्रक्रिया एका जागी होते. पण भूल आणि जखम यांचा ताण हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे अशा सर्वांनाच सोसावा लागतो. म्हणून रुग्णाला इतर कोणते आजार आहेत व ते कितपत आटोक्यात आहेत, हे भूलतज्ज्ञ आधी पाहतात.

मधुमेह : साखर वाढलेली असल्यास जखम उशिरा भरते, चिघळूही शकते. एका दिवसाची साखर फसवी असू शकते. एचबीए१सी तपासणीतून मागील २ ते ३ महिन्यांची सरासरी कळते.

हृदयविकार : न थांबता दोन जिने चढता येतात का, या साध्या प्रश्नाच्या उत्तरातून हृदयाच्या ताकदीचा अंदाज येतो. खोटे सांगू नये.

दमा, धूम्रपान : भुलेनंतर छातीत कफ साठून न्यूमोनिया होऊ शकतो. बिडी-सिगारेट निदान ४ आठवडे आधी सोडावी.

औषधे : रक्त पातळ करणारी गोळी चालू राहिल्यास रक्तस्रावाची, तर मनाने बंद केल्यास गुठळीची भीती असते. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या ३-४ दिवस आधी थांबवाव्या लागतात. कोणती गोळी कधी थांबवायची, हे डॉक्टरांनीच ठरवावे. त्यासाठी सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. काढे, चूर्णेही सांगावीत. पूर्वी भुलेचा किंवा एखाद्या औषधाचा त्रास झाला असल्यास तोही सांगावा.

साखर किंवा रक्तदाब आटोक्यात येईपर्यंत डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली, तर नाराज होऊ नये. त्यात रुग्णाचेच हित असते.