वाळूवरची रेषा

रेषा म्हटली की आपल्याला सगळ्यांत आधी आठवते ती लक्ष्मणरेषा. ती ओलांडली गेली आणि रामायण घडलं. मग आठवते तळहातावरची रेषा. आणि ज्यांचं बालपण शाळेच्या मैदानावर गेलं त्यांना आठवते कबड्डीच्या मैदानाची फक्कीची रेषा. सामना सुरू होताना ती पांढरीशुभ्र असते. अर्धा तास उलटला की खेळाडूंच्या पायांनीच ती इतकी पसरते, की ती नेमकी कुठून कुठपर्यंत होती हे पंचांनाही सांगता येत नाही. तिथून पुढे खेळ कमी आणि वाद जास्त. ‘पाय आत होता!’ ‘छे, साफ बाहेर होता!’

पण जगात एक खेळ असाही आहे, की ज्याची रेषा आखलीच जात नाही. ती अंथरली जाते. हा खेळ म्हणजे बीच व्हॉलिबॉल. समुद्रकिनाऱ्यावरच्या सुटीतला हा खेळ १९९६ साली अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये आला आणि तेव्हापासून त्यानं तिथं आपली जागा पक्की केली. ऊन, वाळू, संगीत, प्रेक्षकांचा जल्लोष असं त्याचं रूप दूरदर्शनच्या पडद्यावर मोठं गमतीचं दिसतं. पण प्रत्यक्षात हा खेळ फार निर्दय आहे, आणि त्याच्या निर्दयपणाचं एक कारण ती अंथरलेली रेषा हेही आहे.

मैदान सोळा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद. किमान चाळीस सेंटीमीटर खोल वाळू. पुरुषांसाठी जाळं २.४३ मीटर उंचीवर, स्त्रियांसाठी २.२४ मीटर. प्रत्येक बाजूला फक्त दोन खेळाडू. राखीव खेळाडू नाही, त्यामुळे दमलेल्याला किंवा चुकणाऱ्याला बसवून दुसऱ्याला आणण्याची सोयही नाही. जाळ्याखाली दोन्ही बाजूंना वेगळं करणारी मधली रेषासुद्धा नसते. सीमारेषा म्हणजे पाच-एक सेंटीमीटर रुंदीची फीत. ती ताणून चारही कोपऱ्यांत वाळूत पक्की केलेली असते. कोपरे हलत नाहीत, पण अधली-मधली फीत मात्र जिवंत असल्यासारखी हलते. कुणाचा पाय अडकला की सरकते, वाळू उडाली की झाकली जाते.

नियम वाचायला सोपा आहे. चेंडू रेषेला लागला तर आत, न लागता पलीकडे पडला तर बाहेर. पण वाळूचा स्वभाव सरळ नाही. जोरात आणि तिरपा आलेला चेंडू समोरच्या वाळूला ढकलतो. ती ढकललेली वाळू फितीला धक्का देते आणि फीत हलते. हजारो डोळ्यांनी फीत हलताना पाहिलेली असते, म्हणून चेंडू रेषेला लागला असं सगळ्यांना वाटतं. आणि तरीही तो बाहेरच असू शकतो, कारण फितीला वाळू लागलेली असते, चेंडू लागलेला नसतो! डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरवणारा हा न्याय प्रेक्षकांच्या गळी उतरायला अवघडच.

मग पुरावा कुठला? तर वाळूत उमटलेली चेंडूची खूण. पंच खुर्चीवरून उतरतात, खाली वाकतात, खूण आणि फीत यांच्यातलं अंतर पाहतात. ती खूण कुणाच्या पायाखाली मोडू नये म्हणून खेळाडू तिच्याजवळ बोट दाखवून उभा राहतो. एखाद्या गावच्या हद्दीच्या तंट्यात दगड उपटला जाऊ नये म्हणून वारसानं तिथंच ठाण मांडावं, तसा. कारण हा पुरावा फार अल्पायुषी. एक बेसावध पाऊल पडलं की साक्षीदारच नाहीसा होतो.

हा खेळ जन्माला आला तेव्हा एवढी चिकित्सा नव्हती. विल्यम मॉर्गन यांनी १८९५ साली अमेरिकेतल्या होल्योक गावी व्हॉलिबॉलची कल्पना काढली. पुढे १९२०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर लोक तो वाळूत खेळू लागले आणि १९३०च्या सुमारास दोघांविरुद्ध दोघे हा प्रकार रूढ झाला. किनाऱ्यावरच्या त्या खेळात पंच कुठून येणार? चेंडू आत की बाहेर हे खेळणाऱ्यांनीच सांगायचं आणि समोरच्यानं मानायचं. आपल्या गल्लीतल्या क्रिकेटसारखंच. पुढे बक्षिसाच्या रकमा आल्या, देशाचा झेंडा आला, मग झेंडी घेतलेले रेषापंच आले, खुर्चीवरचे पंच आले. आता मोठ्या स्पर्धांत कॅमेरे आले आहेत. निर्णय पटला नाही तर संघ दाद मागू शकतो, चित्रण पुन्हा पाहिलं जातं. दाद खरी ठरली तर दाद मागण्याची संधी शाबूत राहते, खोटी ठरली तर ती वाया जाते.

तरीही वाद संपले का? संपले नाहीत आणि संपणारही नाहीत. कारण कॅमेरा चेंडू कुठं पडला हे सांगतो, पण आपल्यावर अन्याय झाला ही भावना कुठल्याच कॅमेऱ्यात मावत नाही.

माझं आयुष्य बँकेत गेलं. तिथला दंडक असा, की दिवसाअखेरी हिशेब जुळल्याशिवाय उठायचं नाही. चार रुपयांचा फरक असला तरी तो सापडेपर्यंत खतावण्या उलटायच्या. चूक सापडली की उलटी नोंद करायची, की झालं, खातं पूर्ववत. अशा शिस्तीत वाढलेल्या माणसाला या खेळातली एक गोष्ट फार अस्वस्थ करते. पुढची सर्व्हिस झाली, की मागच्या गुणाबद्दल काही म्हणण्याचा अधिकार संपतो. उलटी नोंद नाही. चूक असली तरी ती खात्यावर कायम. आणि तीच चूक मनात घेऊन तुम्हाला पुढचा चेंडू घ्यायचा असतो.

इथंच या खेळाचा निर्दयपणा सुरू होतो. सहा जणांच्या व्हॉलिबॉलमध्ये एक जण चिडला, खचला, तर उरलेले पाच जण त्याला झाकून घेतात. वाळूत झाकायला कुणी नाही. एकवीस गुणांचे दोन सेट, बरोबरी झाली तर पंधरा गुणांचा तिसरा. त्यात समोरचे दोघे अत्यंत चाणाक्ष असतात. कुणाचं मन मागच्या निर्णयात अडकलं आहे हे त्यांना चेहऱ्यावरून कळतं, आणि पुढची सर्व्हिस नेमकी त्याच्यावरच येते. त्यापुढचीही त्याच्यावरच. रेषेवरच्या वादात एक गुण जातो, पण त्या वादाच्या रागात तीन-चार गुण जातात.

सर्व्हिसचा असा मारा किती भयंकर असतो याचं उदाहरण २०१६ साली रिओत पाहायला मिळालं. अमेरिकेची केरी वॉल्श जेनिंग्ज ही या खेळातली सम्राज्ञी. मिस्टी मे-ट्रेनर हिच्या साथीनं तिनं २००४, २००८ आणि २०१२ अशी लागोपाठ तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकलेली. रिओला एप्रिल रॉस तिची जोडीदार होती. उपांत्य फेरीपर्यंत वॉल्श ऑलिम्पिकच्या बीच व्हॉलिबॉलमध्ये एकही सामना हरली नव्हती. कोपाकबानाच्या किनाऱ्यावर मध्यरात्रीच्या त्या सामन्यात ब्राझीलच्या अगाता आणि बार्बरा यांनी तिलाच लक्ष्य केलं. सर्व्हिसमागून सर्व्हिस तिच्यावर. तिचा पहिला स्पर्शच बिघडू लागला. २२-२०, २१-१८ असा सामना गेला आणि बारा वर्षांची अजिंक्यता एका रात्रीत संपली. पराभवाचं कारण वॉल्शनं रेषेत किंवा पंचांत शोधलं नाही, स्वतःच्या खेळात शोधलं. कांस्यपदकाच्या सामन्यात ब्राझीलचीच दुसरी जोडी समोर होती, लॅरिसा आणि तलिता. पहिला सेट पुन्हा गेला. तरीही पुढचे दोन घेऊन वॉल्श आणि रॉस यांनी पदक मिळवलं. माझ्या मते तिच्या तीन सुवर्णांपेक्षा या कांस्याचं वजन अधिक आहे.

पण मला सगळ्यांत अधिक विचार करायला लावला तो २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमधल्या स्त्रियांच्या अंतिम सामन्यानं. एकीकडे ब्राझीलच्या आना पात्रीसिया आणि डुडा, दुसरीकडे कॅनडाच्या मेलिसा ह्युमाना-परेडेस आणि ब्रँडी विल्करसन. या चौघीही तीन वर्षांपूर्वी, २०२१ साली टोकियोला झालेल्या ऑलिम्पिकमध्ये खेळल्या होत्या, चौघीही वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर. आणि चौघींपैकी एकीलाही उपांत्य फेरी दिसली नव्हती. तिघी उपांत्यपूर्व फेरीत हरल्या, डुडा तर त्याच्याही आधी.

ब्राझीलच्या या दोघींनी टोकियोनंतर जोडी जमवली. २०१४ साली, अगदी कोवळ्या वयात, युवा ऑलिम्पिकचं सुवर्ण त्यांनी एकत्र जिंकलं होतं. जुनं नातं पुन्हा जुळलं आणि २०२२ साली रोममध्ये त्या जगज्जेत्या झाल्या. त्या अंतिम सामन्यात हरलेल्या जोडीत विल्करसन होती! म्हणजे पॅरिसमध्ये तिच्यापुढे जुनंच देणं उभं होतं. कॅनडाची वाट तर आणखी काट्यांची. गटात त्या तिसऱ्या आल्या. अशा जोड्यांना जी एक जादा संधी मिळते, तो सामना जिंकून त्या बाद फेरीत शिरल्या आणि तिथून थेट अंतिम फेरीपर्यंत गेल्या.

९ ऑगस्टची रात्र. आयफेल टॉवरच्या पायथ्याशी उभारलेलं मैदान तुडुंब भरलेलं. पहिला सेट ब्राझीलनं २६-२४ असा कसाबसा घेतला. दुसरा कॅनडानं २१-१२ असा एकतर्फी जिंकला. तिसऱ्यात ताण इतका वाढला, की जाळ्याच्या दोन्ही बाजूंनी आना पात्रीसिया आणि विल्करसन यांची चांगलीच जुंपली. हातवारे, चढलेले आवाज, मध्ये पडणारे पंच. वाळूत मधली रेषा नसते हे खरं, पण त्या क्षणी तिथं एक रेषा उमटलेली सगळ्यांना दिसत होती.

आणि ध्वनिक्षेपकावरून गाणी लावणाऱ्या माणसाला काय सुचलं कोण जाणे, त्यानं जॉन लेननचं ‘इमॅजिन’ लावलं. शांततेचं ते जगप्रसिद्ध गाणं. सगळं प्रेक्षागार गाऊ लागलं. क्षणापूर्वी एकमेकींवर डोळे वटारणाऱ्या त्या बायकांच्या ओठांवर हसू फुटलं. खेळ पुढे सुरू झाला. १५-१० असा तो सेट जिंकून ब्राझीलनं सुवर्ण मिळवलं. स्त्रियांच्या बीच व्हॉलिबॉलमध्ये ब्राझीलला १९९६नंतर, म्हणजे तब्बल अठ्ठावीस वर्षांनी मिळालेलं हे सुवर्ण. कॅनडाचं रौप्यही त्या देशाच्या स्त्रियांना या खेळात मिळालेलं पहिलंच ऑलिम्पिक पदक.

हसू आलं म्हणून वाद खोटा होता असं नाही. दोघींनाही आपापली बाजू खरीच वाटत असणार. गाण्यानं कुणाची बाजू खरी हे ठरवलं नाही. पुढचा चेंडू खेळायला लागेल एवढी सवड मात्र त्यानं दिली.

याचा अर्थ अन्याय मुकाट्यानं गिळावा असा कुणी काढू नये. खेळाचा नियमही तसं सांगत नाही. खूण दाखवायला, पंचांना खाली बोलवायला, चित्रण पुन्हा पाहायला लावायला नियमानंच मुभा दिली आहे, आणि जो खेळाडू ती वापरत नाही तो स्वतःवर आणि जोडीदारावर अन्यायच करतो. पण दाद मागायला एक वेळ असते, आणि ती वेळ संपते. पुढची सर्व्हिस उडाल्यावरही जो मनात तीच खूण जपत उभा असतो, त्याचे हात दुसऱ्या कामाला मोकळे राहत नाहीत.

आपल्या घरांतून काय वेगळं असतं? परीक्षेत एका गुणानं गेलेला वर्ग, मुलाखतीत डावललं जाणं, वाटणीत कमी आलेली खोली. यातल्या काही निर्णयांविरुद्ध दाद मागायला हवी, हिरिरीनं मागायला हवी. पण कित्येक घरांत ती दाद तीस-तीस वर्षं चालू असते. दाद ऐकणारे पंच केव्हाच उठून गेलेले असतात. मैदानावरची वाळूही केव्हाच बदललेली असते. फक्त एक माणूस बोट दाखवून उभा असतो, आणि त्याच्या मागं घरातली मुलं चेंडू हातात धरून वाट पाहत असतात.

सामना संपला, की माणसं दाताळी घेऊन मैदानात येतात आणि वाळू सारखी करतात. आतल्या खुणा, बाहेरच्या खुणा, ज्यांवरून वाद झाले त्या आणि ज्यांच्याकडे कुणी पाहिलंही नाही त्या, सगळ्या एकत्र मिसळून जातात. फीत पुन्हा ताणली जाते. आणि दुसऱ्या दोन जोड्या वाळूत उतरतात.