बार्शी लाइट रेल्वेच्या मालवाहू वाघिणी : शोध आणि जतनाचा विचार

प्रस्तावना

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहराला पहिली प्रवासी रेल्वेगाडी मिळाली. तत्पूर्वी जिल्ह्यातील रेल्वे परळी वैजनाथच्या कोपऱ्यापुरती आणि २०२२ पासून आष्टीपर्यंत मर्यादित होती. मात्र अंबाजोगाई व केज या भागांचा रेल्वेशी संबंध त्याहून जुना आहे. हा भाग लातूरच्या बाजारपेठेला जवळचा, आणि लातूरला १९११ पासून बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी येत होती. या मार्गावर 'कळंब रोड' नावाचे स्थानक आहे. गाव दूर आणि स्थानकाला मात्र गावाचे नाव, ही पद्धत रेल्वेने सर्वत्र पाळली; त्या नावातील 'रोड' हा शब्द बैलगाडीच्या वाटेची आठवण देतो. कळंबच्या पलीकडे केज आहे.

ही रेल्वे आज अस्तित्वात नाही. तिच्याविषयी लिहिले जाते ते प्रामुख्याने इंजिनांविषयी व प्रवासाच्या आठवणींविषयी. वास्तविक या रेल्वेचे तांत्रिक वेगळेपण इंजिनापेक्षा तिच्या मालवाहू डब्यात, म्हणजे वाघिणीत, अधिक होते. ('वॅगन'ची 'वाघीण' करून मराठीने हा परका शब्द किती सहज आपलासा केला, हे भाषाभ्यासकांनी नोंदवण्यासारखे आहे.) अशा वाघिणींपैकी ज्या शिल्लक असतील त्या ओळखाव्यात कशा आणि जपाव्यात कशा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वाघिणीची रचना

बार्शी लाइट रेल्वेचे जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७) हे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या सेवेत भारतात आले. १८९५ मध्ये लंडन येथे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे कुर्डुवाडी, ते बार्शी हा मार्ग सुरू झाला. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज असा त्याचा विस्तार होऊन एकूण लांबी सुमारे ३२५ किलोमीटर झाली.

लहान रेल्वेमार्ग स्वस्त असतो, पण तो माल कमी वाहतो, असा त्या काळचा समज होता. कॅलथ्रॉप यांनी या समजाचे मूळ कारण शोधले. रूळ किती भक्कम हवा हे गाडीतील सर्वांत जड आसावरून, म्हणजे साधारणतः इंजिनावरून, ठरत असे. वाघिणी हलक्या असल्याने त्या भक्कम रुळाची शक्ती वायाच जाई. म्हणून त्यांनी इंजिन असो वा वाघीण, प्रत्येक आसावर ५ टनांचीच मर्यादा ठेवली. इंजिनाचे वजन अधिक आसांवर विभागले आणि वाघिणीला मात्र त्या मर्यादेपर्यंत भरण्याची मुभा दिली. चार आसांच्या वाघिणीचे मालासह वजन त्यामुळे २० टनांपर्यंत जाऊ शकत होते, तेही यार्डाला अवघे ३० पौंड वजनाच्या रुळावर.

आता २० टनांत माल किती आणि लोखंड किती, हा प्रश्न उरतो. रिकामी वाघीण जितकी हलकी तितका माल अधिक. याचे उत्तर इंग्लंडमधील लीड्स फोर्ज कंपनीच्या दाबीव पोलादी सांगाड्यात मिळाले. अनेक पट्ट्या व कोनपट्ट्या रिव्हेटांनी जोडण्याऐवजी तापवलेला पोलादी पत्रा साच्यात दाबून त्याच्याच कडा वळवल्या जात. सांधे कमी, वजन कमी आणि मजबुती मात्र कायम. चाकांचे चारचाकी गाडे, म्हणजे खऱ्या अर्थाने 'बोगी', याच पद्धतीचे होते. (आपल्याकडे 'बोगी' म्हणजे अख्खा डबा, हा रूढ अर्थ येथे बाजूला ठेवावा लागतो.) डब्यांसाठी सुमारे २५ फूट लांब व ७ फूट रुंद असा एकच सांगाडा वापरला गेला. वर उघडी पेटी बसवली की उघडी वाघीण, छप्पर घातले की बंद वाघीण.

ओळखीची खूण

शोधकर्त्याच्या दृष्टीने ही शेवटची बाब महत्त्वाची आहे. वाघिणीचे वरचे अंग टिकत नाही. फळ्या कुजतात, पत्रे बदलले जातात, उघडी वाघीण पाण्याच्या टाकीसाठी वा खडी वाहण्यासाठी वापरली जाते. वरचे अंग पाहून वय ठरवणे म्हणूनच फसवे ठरते. सांगाडा मात्र सहसा बदलत नाही. कडा वळवलेल्या, एकसंध पत्र्याच्या बाजूपट्ट्या दिसल्या आणि लांबी-रुंदीचे माप जुळले, तर तपासणी तेथून सुरू करावी. पट्टीवर निर्मात्याची पाटी वा तिच्या रिव्हेटांची रिकामी छिद्रे आहेत का, हे पाहावे. त्यानंतर रंगाकडे वळावे. १ जानेवारी १९५४ रोजी भारत सरकारने ही रेल्वे विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. त्यामुळे कंपनीची आद्याक्षरे व जुना क्रमांक असतील तर ते नंतरच्या रंगाच्या थरांखाली सापडण्याचा संभव अधिक. रिकामे वजन, वहनक्षमता, शेवटच्या मोठ्या दुरुस्तीची तारीख आणि कार्यशाळेचे संक्षिप्त नाव हे वाघिणीवर लिहिण्याचा रेल्वेचा प्रघात आहे. अशी अक्षरे म्हणजे त्या वाघिणीचा जन्मदाखलाच होय.

शोध कोठे घ्यावा, हे वाघीण सेवेतून कशी जाते यावर अवलंबून असते. लहान मार्गावरील मालवाहतूक प्रवासी वाहतुकीच्या आधी संपते. कुर्डुवाडीला अडीच फुटी वाघिणीतील प्रत्येक पोते हमालांनी उतरवून मोठ्या वाघिणीत चढवावे लागे. मालमोटारीने हा सव्यापसव्य टाळला. सेवेबाहेर गेलेली वाघीण मग खात्याच्या अंतर्गत कामाला लागते, त्याच मापाच्या अन्य मार्गावर पाठवली जाते किंवा भंगाराच्या लिलावात जाते. लिलावातील वाघीण वितळतेच असे नाही. ब्रिटन व न्यूझीलंडमध्ये शेतकऱ्यांनी जुन्या वाघिणींची अंगे कोठार म्हणून वापरली आणि पुढे त्यांतूनच संग्राहकांना नमुने मिळाले. जुन्या मार्गालगतची शेते, जिनिंगची आवारे, बंद गोदामे आणि अडत्यांचे वाडे म्हणूनच पाहिले पाहिजेत.

कुर्डुवाडी–पंढरपूर मार्ग २००२ मध्ये, लातूर–उस्मानाबाद (आता धाराशिव) २००७ मध्ये आणि उस्मानाबाद–कुर्डुवाडी २००८ मध्ये मोठ्या मापाचा झाला, त्यानंतर पंढरपूर–मिरज. नवा मार्ग काही ठिकाणी जुन्या आखणीपासून दूर गेला. जुने रूळ उखडले गेल्यावर मागे राहिलेली वाघीण स्वतःच्या चाकांवर कोठेही जाऊ शकत नाही. ती मालमोटारीवर चढवण्याच्या खर्चापेक्षा तिथेच तोडून विकणे सोपे पडते. दिरंगाईची किंमत ही अशी मोजावी लागते.

कागदोपत्री शोधासाठी मुंबईतील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार, दिल्लीतील राष्ट्रीय अभिलेखागार आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसची दप्तरे ही स्थाने आहेत. निकालात काढलेल्या वाघिणींची यादी व लिलावाच्या नोंदी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मागता येतात. मागणीत क्रमांक वा कालावधी नेमका दिला, तर उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

जतन म्हणजे रंगरंगोटी नव्हे

स्थानकाबाहेर चौथऱ्यावर ठेवलेली, भडक तेलरंगाने रंगवलेली इंजिने सर्वांनी पाहिली आहेत. हीच सद्भावना वाघिणीवर लोटली, तर पुरावाच नष्ट होईल. गंज घासताना जुनी अक्षरे जातात आणि सांधे वेल्डिंगने भरले की दाबीव सांगाड्याची मूळ रचना कळत नाही. प्रथम मोजमाप, सर्व बाजूंची छायाचित्रे व रंगाच्या थरांची नोंद. मग चाके व सांगाडा मातीपासून उचलणे, आत साचलेले पाणी वाहून जाऊ देणे आणि वर साधे छप्पर. एवढ्याने बरीच वर्षे निघतात. डागडुजीचा विचार त्यानंतर करावा.

पुरावशेष व बहुमोल कलावस्तू अधिनियम, १९७२ हा किमान शंभर वर्षे जुन्या व विज्ञान, कारागिरी आदींचे गतकालीन रूप दर्शवणाऱ्या वस्तूंना कक्षेत घेतो. १८९७ च्या वाघिणीसाठी त्या व्याख्येचा आधार मागता येईल. परंतु कायदा वस्तूवर छप्पर घालत नाही. ते संस्थेलाच घालावे लागते. नागपूरला मोतीबाग येथे २००२ मध्ये अडीच फुटी रेल्वेचे संग्रहालय उभे राहिले, याचे एक कारण तेथे त्या मापाची जुनी कार्यशाळा होती हे आहे. बार्शी लाइट रेल्वेच्या बाबतीत ते स्थान कुर्डुवाडीच्या कार्यशाळेचे आहे.

महाविद्यालयांनी आरंभ करायचा तर तो वाघिणीपासूनही करू नये. ज्यांनी या सांगाड्यांवर हातोडा चालवला, आसांच्या पेट्यांत तेल घातले आणि जुने क्रमांक पुसून नवे लिहिले, ते कारागीर निवृत्त झाले आहेत. पोते पाठीवर घेऊन एका वाघिणीतून दुसरीत गेलेले हमालही वयोवृद्ध आहेत. इतिहास, भूगोल व मराठी विभागांच्या प्रकल्पांत त्यांच्या मुलाखती आधी ध्वनिमुद्रित व्हाव्यात. कोणत्या गावाच्या शिवारात वाघिणीचे अंग कोणी उतरवून नेले, हे लिलावाच्या दप्तरापेक्षा त्यांना अधिक नेमके ठाऊक असण्याचा संभव आहे.