फिल्टरची बदली

जुन्या जीपमध्ये दुसरं इंजिन बसवलं की ऑइल फिल्टर आडवा येतो. त्याचा डबा चेसिसला घासतो, नाहीतर ॲक्सलवर असा अडकतो की पाना शिरत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हा डबा इंजिनापासून उठवून बोनेटखाली मोकळ्या जागी नेणारे एक मिस्त्री आहेत, असं संपादकांनी सांगितलं, म्हणून गेलो.

मोटारीचं तेल गाळायची सोय १९२० च्या दशकात अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंड यांनी आणली. फिरवून बसवायचा डबा १९५० च्या दशकातला. इतिहास एवढा पुरे, कारण मला खिळवलं ते ॲडॉप्टरनं. फिल्टरच्या जागी बसणारी ही तळहाताएवढी चकती. तिच्या एका तोंडातून पंपाचं तेल होजनं दूरच्या फिल्टरकडे जातं आणि गाळून दुसऱ्या तोंडातून इंजिनात परत येतं.

खरी गोम फिल्टरच्या पोटात आहे. तेल कडेच्या बारीक भोकांतून आत शिरतं, मधल्या आट्यांच्या भोकातून बाहेर पडतं. बहुतेक फिल्टरांत कडेच्या भोकांमागे रबराचा पडदा असतो. इंजिन बंद असताना डबा रिकामा होऊ नये म्हणून तो आतल्या बाजूलाच उघडतो. होज उलटे जोडले तर तेल हाच पडदा दाबून बंद करतं.

"इन कुठलं रं?" मिस्त्रींनी विचारलं. हाताखालच्या पोरानं ॲडॉप्टरच्या तोंडांजवळची कोरीव अक्षरं दाखवली.

"अक्षरं ऱ्हाऊ दे, फुंकून बघ."

पोरानं एका तोंडात फुंकर मारली. हवा कडेच्या खाचेतून आली. म्हणजे हे तेल फिल्टरकडे जायचं तोंड. मिस्त्रींनी त्यावर लाल रंगाचं बोट ओढलं. ही खात्री मला फार आवडली.

पण पुढची यादी ऐकून उत्साह ओसरला. जुनं गॅस्केट इंजिनाला चिकटून राहिलं आणि त्यावर नवं बसलं, तर तेलाची पिचकारी उडते. पाण्याचा किंवा डिझेलचा साधा पाइप चालत नाही. तेल शंभर अंशांच्या आसपास तापतं, थंड सकाळी घट्ट तेलाचा दाब आणखी चढतो. म्हणून दाब सोसणारा, टोकं क्रिंप केलेला होज हवा. तो एक्झॉस्टपासून लांब ठेवायचा, कुठं घासू द्यायचा नाही; शिवाय इंजिन माउंटिंगवर हलतं, म्हणून थोडा सैलही सोडायचा. आधी एक सांधा होता, आता अर्धा डझन झाले. त्यातला एक निसटला तर तेलाचं चेंबर बघता बघता रिकामं होतं, आणि चालकाचं लक्ष ऑइलच्या दिव्याकडे जाईपर्यंत क्रँकची बेअरिंगं गेलेली असतात.

सगळं जोडून झाल्यावरही मिस्त्री गाडी चालू करत नाहीत. डिझेल बंद ठेवून, थांबून थांबून सेल्फ मारायचा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग थोडा वेळ इंजिन चालवून प्रत्येक सांध्यावरून कोरडं फडकं फिरवायचं आणि होजमध्ये गेलेलं तेल पट्टी बघून भरून काढायचं.

जागाच नसेल तर हे काम जरूर करून घ्यावं, आणि असाच फुंकून बघणारा मिस्त्री शोधावा. फिल्टरपर्यंत हात पोचत असेल, तर मात्र त्याला आहे तिथंच राहू द्या.