मजुरी थकली तर मालमत्ता अडवता येते का?

केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात ठेवण्याच्या हक्काला धारणाधिकार म्हणतात. गाडी, घर आणि बोट यांच्या बाबतीत कायद्याची उत्तरे वेगवेगळी आहेत.

गैरसमज : गॅरेजवाला गाडी अडवून ठेवू शकत नाही.
वस्तुस्थिती : भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 170 नुसार दुरुस्तीचे पैसे मिळेपर्यंत तो गाडी ठेवू शकतो. मात्र हा हक्क त्याच दुरुस्तीपुरता असतो. मागच्या उधारीसाठी गाडी अडवता येत नाही. पैसे नंतर देण्याचे ठरले असेल, तर हा हक्क उरत नाही. हे कलम गाडी विकण्याची मुभाही देत नाही.

गैरसमज : ठेकेदाराचाही बांधलेल्या घरावर असाच हक्क असतो.
वस्तुस्थिती : कलम 170 सोपवलेल्या जंगम वस्तूंपुरते आहे. जांभ्या चिऱ्याची भिंत उभी राहिली की ती जमिनीचा भाग होते. अमेरिकेत मेरीलँड राज्याने 1791 मध्येच बांधकाम करणाऱ्यांना इमारतीवर हक्क दिला. महाराष्ट्रात तसा कायदा नाही. ठेकेदाराला पैशांसाठी दिवाणी दावा लावावा लागतो. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल, तर काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते.

गैरसमज : थकलेले बिल दाखवून सातबारावर बोजा चढवता येतो.
वस्तुस्थिती : नुसत्या बिलावर बोजा चढत नाही. मालकाने नोंदणीकृत गहाणखत करून दिलेले असावे किंवा न्यायालयाचा आदेश असावा. वसुली टाळण्यासाठी मालक मालमत्ता विकण्याच्या बेतात असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 38, नियम 5 खाली निकालाआधीही जप्ती मागता येते.

गैरसमज : बोट विकली गेली तर दुरुस्तीवाल्याचे पैसे सर्वांत आधी मिळतात.
वस्तुस्थिती : मिरकरवाड्यासारख्या बंदरातल्या, समुद्रात जाणाऱ्या बोटींना 2017 चा नौकाधिकरण कायदा लागू होतो. त्यात दुरुस्तीचे बिल हा सागरी दावा असून त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाकडून बोट अडकवून घेता येते. पण वाटपात खलाशांचा पगार सर्वांत वर असतो, नोंदणीकृत गहाणाचे कर्जही दुरुस्तीच्या आधी येते. त्यामुळे बोट ताब्यात असतानाच हिशेब पुरा करणे दुरुस्तीवाल्याच्या हिताचे असते.

घर बांधणाऱ्याकडे असा ताबा नसतो. त्याचे संरक्षण लेखी करार, टप्प्याटप्प्याने घेतलेले पैसे आणि मालकाने सही केलेली मोजमापे यांतच असते.