उंच टांगेचा की आखूड पायांचा?

कुत्रे पाळावे की नाही, यावर आमच्या घरात मतभेद नव्हता. कोणते पाळावे, यावर मात्र आषाढापासून असे दोन पक्ष पडले की आमच्या चार माणसांच्या संसाराला विधिमंडळाची कळा आली. एका पक्षाचे पुढारी आमचे अण्णा, वय वर्षे ७६. दुसऱ्या पक्षाची पुढारी आमची कन्या, वय वर्षे ११. सौ. तटस्थ, म्हणजे दोघांनाही आळीपाळीने गप्प करणारी. खर्च आणि प्रवास माझ्याकडे असल्यामुळे सभापतिपदही आपसूकच माझ्याकडे आले.

खरा प्रश्न निराळाच होता. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून अण्णांनी जिना उतरणे जवळजवळ सोडलेच. आमचे बिऱ्हाड पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ‘खाली जाऊन करू काय?’ या त्यांच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. कुत्रे हे उत्तर सौ.ने शोधून काढले. अण्णा समजतात, नातीच्या हट्टापायी कुत्रे येते आहे. नातीला वाटते, आजोबांसाठी. दोघांचाही समज आम्ही तसाच राहू दिला. (हा मजकूर छापून आल्यावर काय होईल ते होवो!)

अण्णांना हवा होता कारवानी. त्यांचे लहानपण जतकडे गेले आणि सांगली, सोलापूर, विजापूर या पट्ट्यात वस्तीवस्तीवर हाच कुत्रा. व्यापारी तांड्यांबरोबर तो पश्चिमेकडून दक्षिणेत आला असे सांगतात; नावही त्यावरूनच पडले. मुधोळ संस्थानच्या मालोजीराव घोरपड्यांनी त्याला आश्रय दिला, म्हणून मुधोळ हाऊंड हे त्याचे दुसरे नाव. २००५ साली टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत एक मान याचा होता. खांद्यापाशी सव्वादोन फूट उंच, वजन वीस-पंचवीस किलो, पोट पाठीला लागलेले आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. हा त्याच्या जातीचा बांधा आहे. पण शेजारीपाजारी ‘उपाशी ठेवता की काय हो?’ असे विचारल्याशिवाय राहत नाहीत. तो नाकापेक्षा डोळ्याने शिकार करतो. दूरवर काही हलले की वाऱ्यासारखा सुटतो, आणि एकदा सुटला की धन्याची हाक त्याच्या कानात शिरत नाही. एरवी घरात दिवसभर निवांत पडून राहील. परक्याने अंगाला हात लावलेला मात्र त्याला खपत नाही. अण्णांच्या मते हा दुर्गुण नसून बाणेदारपणा आहे.

कन्येचे मन डॅशहाऊंडवर बसलेले. तिच्या मैत्रिणीकडे एक आहे. सोफ्याखाली शिरतो आणि तोंड पलीकडून बाहेर आले तरी शेपूट अलीकडे राहते, एवढा लांब! हे जर्मनीचे रत्न. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचे शुभचिन्ह, तो रंगीबेरंगी ‘वाल्डी’, याच जातीचा. पाय आखूड ते बिळात शिरून बॅजर नावाच्या जनावराशी झुंजता यावे म्हणून, आणि आवाज मोठा तो जमिनीखालून मालकाला ऐकू यावा म्हणून. तेव्हा लहान आकार म्हणजे गरीब स्वभाव असे कोणी समजू नये. हा हट्टी असतो, खड्डे खणतो आणि बेल वाजली की चार बिऱ्हाडांना कळवतो. त्याच्या आखूड पायांचे मूळ एका जनुकाच्या जादा प्रतीत आहे, हे शास्त्रज्ञांनी २००९ साली दाखवून दिले. त्या ठेंगणेपणाबरोबर पाठीच्या मणक्यांचे दुखणेही या जातीत पुष्कळ आढळते. उड्या, जिने आणि लठ्ठपणा हे त्याचे तीन वैरी.

आणि आमच्याकडे जिने तर तीन मजल्यांचे! मोठ्या कुत्र्याला जिन्याची पर्वा नाही; लहानाला मात्र उचलून न्यावे लागणार. शेजाऱ्यांनी ‘फ्लॅट आहे ना, मग लहानच घ्या’ असा सल्ला फुकट दिला होता, पण त्यांना जिन्याचे गणित कुठे ठाऊक?

गणपती झाल्यावरच्या रविवारी आम्ही जतकडे अण्णांच्या मावसभावाच्या वस्तीवर गेलो. त्यासाठी अण्णा कठडा धरून जिना उतरले. वस्तीवर दोन वर्षांचा फिक्या तपकिरी रंगाचा कारवानी होता. त्याने अण्णांचा हात हुंगला आणि दूर जाऊन बसला. अण्णा म्हणाले, ‘बघ, लाळघोटेपणा नाही.’ मग त्याचा पट्टा मी हातात घेतला. तेवढ्यात गोठ्यामागून मांजर पळाले. माझा खांदा त्या दिवसापासून चार दिवस मालिश मागत होता. तो पट्टा अण्णांच्या हातात असता तर? या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे मी मनातच गिळले, सौ.चा चेहरा मात्र मी पाहिला.

मावसकाकांनी पट्टा सोडून दिला. शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो धावला, ते मी सांगू शकणार नाही. चारही पाय जमिनीवरून सुटलेले! अण्णा बांधावर उभे राहून बराच वेळ पाहत होते. परतताना गाडीत म्हणाले, ‘याला रान लागतं रे. आपल्याकडे काय, गॅलरी.’ पुढे पुण्यापर्यंत ते बोलले नाहीत.

म्हणजे डॅशहाऊंडच. आता जिन्याचे. सकाळी ऑफिसला जाताना मी त्याला छातीशी धरून खाली नेणार. अण्णा बरोबर उतरणार. दुपारी शाळा सुटल्यावर कन्या त्याला वर आणणार. मधले तास दोघांनी खालच्या बाकावर काढायचे. तिथे पेन्शनरांचा अड्डा भरतो, त्यात आता अण्णाही बसतील. पाणी, वाटी आणि छत्री सौ. पुरवणार.

पिल्लू आम्ही पाहून ठेवले आहे. घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे: पिल्लाची आई पाहिल्याशिवाय सौदा करू नये, आठ आठवड्यांच्या आत ते आईपासून तोडू नये, लसी आणि महापालिकेचा परवाना टाळू नये. फराळाच्या ताटातले मनुके, कांदा आणि चॉकलेट त्याला विष आहे. आमचे पिल्लू दिवाळीनंतरच येणार. घरातला पहिलाच दिवस फटाक्यांच्या आवाजात नको, अशी अण्णांची आज्ञा आहे. तुळशीचे लग्न लागले की आणायचे.

नावावरून पुन्हा दोन पक्ष पडणार होते, पण अण्णांनी मतदानच होऊ दिले नाही. एवढ्याशा त्या पिल्लाचे नाव वाघ्या ठरले आहे. आणि काल सकाळी सौ.ने मला हळूच जिन्यात बोलावले. पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून, कठड्याला हात लावत अण्णा एकेक पायरी उतरत होते.